डबलडेकरचा जिना

गेल्या शतकात कोकणातल्या बहुतेक वाड्यांतून कोणी ना कोणी मुंबईला असायचंच. गिरणीत, गोदीत, नाहीतर बेस्टमध्ये. गणपतीला आणि शिमग्याला हे चाकरमानी गावी यायचे, आणि त्यांतला कंडक्टर असलेला काका दिवसभर डबलडेकरच्या जिन्यावर वरखाली करून पाय कसे भरून येतात ते रंगवून सांगायचा. आज डॉक्टर ‘रोज चाला, आठवड्यातून दोनदा थोडं वजन उचला’ म्हणतात. त्या सल्ल्याची मुळं शोधत गेलं तर आधी भेटतो तो असाच एक कंडक्टर. फक्त तो लंडनचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे झटके का वाढताहेत हे कुणालाच कळेना. जेरी मॉरिस या डॉक्टरने १९४९ च्या सुमारास लंडनच्या बस, ट्राम आणि भुयारी रेल्वेतल्या सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासायला घेतल्या. एकाच बसमधली दोन माणसं. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसाला पाचसहाशे पायऱ्या चढणारा. पगार, वस्ती, खाणं साधारण सारखंच. तरी कंडक्टरांत हृदयविकार कमी निघाला आणि झटका आलाच तर त्यातून वाचणारेही जास्त. टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलावरचे कारकून यांच्यातही तेच चित्र. १९५३ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि अनेकांना पटलं नाही. मुळात जाडी माणसंच ड्रायव्हरकी पत्करत असतील, अशी शंका निघाली. मग मॉरिसने गणवेशाच्या मापांच्या नोंदी काढल्या. ड्रायव्हरांच्या विजारींचा कमरेचा घेर खरोखरच मोठा होता, म्हणजे शंका अगदीच पोकळ नव्हती. पण पुढे पाहिलं तेव्हा सडपातळ ड्रायव्हरही सडपातळ कंडक्टरापेक्षा जास्त आजारी पडत होता. शिंप्याच्या टेपने विज्ञानाला केलेली ही मदत मला फार आवडते.

बेस्टची डबलडेकर १९३७ पासून मुंबईत धावत होती. जिना तोच, चढणारा माणूस आपला, पण पायऱ्या मोजायचं कुणाच्या मनात आलं नाही.

गोदीचंही तसंच. राल्फ पॅफेनबार्गर या अमेरिकन संशोधकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या ६,३५१ गोदी कामगारांवर २२ वर्षं नजर ठेवली आणि १९७५ साली निष्कर्ष मांडला, की जड माल उचलणाऱ्यांत हृदयविकाराने, त्यातही अचानक, मरण्याचं प्रमाण हलकं काम करणाऱ्यांपेक्षा कमी होतं.

वजन उचलण्याचं शास्त्र मात्र वेगळ्या वाटेने आलं. वजनं उचलली तर अंग आखडतं, हृदयावर ताण येतो, असं डॉक्टरच मानत. थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने लहानपणी संधिवाताच्या तापातून उठल्यावर वजनं उचलूनच अंग कमावलं होतं. त्यामुळे शिकागोच्या लष्करी इस्पितळात पाय जायबंदी झालेले सैनिक समोर आल्यावर त्याने हळूहळू वाढत्या वजनाची पद्धत बसवली आणि १९४५ साली ती प्रसिद्ध केली. आजच्या जिममध्ये दहाचे तीन सेट, म्हणजे दहादा उचलण्याचे तीन फेरे, मारायला सांगतात, तो हिशेब त्याच्याकडूनच रूढ झाला.

आपल्याकडे तालीम होती, जोर-बैठका होत्या, मल्लखांब होता. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी कॉलेजातलं पहिलं वर्ष अंग कमावण्यात घालवलं, ही गोष्ट प्रत्येकाने शाळेत ऐकलेली आहे. पण तालीम ही तरण्या पोरांची. आजीला कुणी तालमीत नेलं नाही आणि नेण्याची गरजही नव्हती. विहिरीचं पाणी शेंदायचं, डोक्यावर हंडा नि कमरेवर कळशी घेऊन पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढायची, उखळात भात सडायचं, लावणीला दिवसभर वाकायचं. समुद्राकाठी रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढायला अख्खी वाडी दोरीला लागायची. म्हणून ते दिवस चांगले होते असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच पिढीच्या कमरा आणि गुडघेही आपण पाहिलेत. दिवसभर ओझी वाहणाऱ्यांना व्यायामासारखा फायदा होतोच असं नाही, हे नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं. कारण सरळ आहे. श्रमात विसावा आपल्या हातात नसतो आणि वजनही आपण ठरवत नाही.

मग नळ आला, मिक्सर आला, पाखाडीच्या जागी डांबरी रस्ता आणि त्यावर रिक्षा. कष्ट गेले ते बरंच झालं. त्यांच्याबरोबर स्नायूही जातील हे तेव्हा लक्षात आलं नाही. जेवणातून आलेली साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायूच, आणि ते हलत असले की इन्सुलिन फारसं नसतानाही घेतात. भाताच्या ताटावर वाढलेल्या आणि घराघरांत मधुमेह शिरलेल्या मुलखाला हे माहीत हवं.

म्हातारपणी स्नायू झडायचेच, अशी समजूत होती. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायाने वजन उचलायला लावलं. पायांचा जोर सरासरी १७४ टक्क्यांनी वाढला, म्हणजे पावणेतीनपट झाला. दोघांची काठी सुटली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या सूचनांमध्ये सांगितलं, की आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असं काम आणि पासष्टीपुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा.

यासाठी चिपळूण-रत्नागिरीच्या जिमची पायरी चढावीच लागेल असं नाही. हातांचा आधार न घेता पडवीच्या पायरीवरून दहा वेळा उठणं-बसणं, दोन हातांत अर्ध्या भरलेल्या दोन कळशा घेऊन अंगणाला फेऱ्या. आठ-पंधरा दिवसांनी कळशीत आणखी तांब्याभर पाणी ओतायचं. डीलॉर्मने सैनिकांच्या पायाला वजनं बांधून तेच केलं होतं.