सीडी केलं, तरी जागचे हललो नाही: शेलची बिल्ट-इन आणि बाहेरची कमांड

एलएस, ग्रेप, कॅट तुम्ही रोज वापरता. डिस्कवर त्यांची फाईल असते, शेल (तुम्ही टाईप केलेल्या कमांड वाचणारा प्रोग्राम) ती शोधून चालवतो, काम झालं की संपलं. त्यावर शाई घालवत नाही. सीडी (डिरेक्टरी बदलणारी), एक्स्पोर्ट, रीड, यूमास्क या शेलच्या पोटातल्या, म्हणजे बिल्ट-इन, हेही पाठ असतं. पण त्या पोटात का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "बिल्ट-इन फास्ट असतात, म्हणून." कॉलेज रोडच्या टपरीवर मुलाखतीची तयारी करणारी पोरं हे घोकताना ऐकू येतात आणि माझा चहा कडू होतो.

एको किंवा टेस्टपुरतं ते खरं आहे. सीडीला मात्र वेगाशी देणंघेणं नाही. ती बाहेर काढली तर तिचा उपयोगच उरत नाही.

चालू डिरेक्टरी ही प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामची, स्वतःची असते. बाहेरची कमांड चालवताना शेल आधी फोर्क करून स्वतःची प्रत काढतो आणि त्या प्रतीच्या जागी कमांड चालते. ती कमांड तिची डिरेक्टरी बदलू शकते, तुमच्या शेलची नाही. तुम्ही पंचवटीत बसून पोऱ्याला त्र्यंबकला धाडलंत. तो पोचला, अगदी वेळेवर पोचला. तुम्ही अजून पंचवटीतच.

यात युनिक्स घडवणारेही फसले होते. डेनिस रिची यांनी हकीकत लिहून ठेवली आहे: पीडीपी-७ या संगणकावर फोर्क आला आणि तोवर सुरळीत चालणारी सीएचडीआयआर कमांड (तेव्हाची सीडी) बंद पडली. म्हणजे ती डिरेक्टरी बरोबर बदलत होती, पण ज्या प्रोसेसची बदलत होती ती लगेच मरत होती. शेवटी ती शेलच्या आत घ्यावी लागली.

म्हणूनच 'सुडो सीडी' (रूट म्हणजे सर्वाधिकारी युजर म्हणून सीडी) पाहिलं की माझं डोकं फिरतं. उबुंटूवर निदान कमांड सापडत नाही म्हणून सांगतात. मॅकवर तर यूएसआर-बिनमध्ये सीडी नावाची फाईल खरोखर आहे, त्यामुळे तक्रारही येत नाही आणि काही घडतही नाही. मग कोणीतरी चमोड ७७७ चा, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देण्याचा, सल्ला देतो. देऊ नका. सुडो मायनस एस करून रूटचा शेल उघडा आणि त्यात सीडी करा.

स्क्रिप्टचंही हेच. स्क्रिप्टमध्ये सीडी किंवा एक्स्पोर्ट लिहिलं, ती चालवली, बाहेर आलो तर सगळं जैसे थे. एक्स्पोर्ट फक्त खाली, पोरांकडे जातं. बापाकडे कधीच नाही. बदल आपल्याच शेलमध्ये हवा असेल तर स्क्रिप्ट सोर्स करायची, म्हणजे तिच्या ओळी तुमचाच शेल वाचतो. त्याची किंमतही तुम्हीच मोजता: त्या फाईलमध्ये एक्झिट असेल तर टर्मिनलची खिडकीच बंद होते. एका सहकाऱ्याने तीनदा खिडकी घालवली आणि टर्मिनलमध्ये बग आहे म्हणून मला बोलावलं. एक्झिटच्या जागी रिटर्न लिहिलं, बग पळाला.

आता खरी मेख. कमांड बिल्ट-इन आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. कॅटचा आउटपुट पाइपने व्हाइल-रीडच्या, म्हणजे एकेक ओळ वाचणाऱ्या, लूपमध्ये सोडा, आत शून्यापासून मोजणी वाढवा. बॅश या शेलमध्ये लूप संपल्यावर मोजणी शून्य. रीड तर बिल्ट-इन आहे ना? आहे, पण बॅश पाइपमधला प्रत्येक तुकडा वेगळ्या सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या प्रतीत, चालवतो. झेडशेल हा दुसरा शेल शेवटचा तुकडा आपल्याच शेलमध्ये ठेवतो, तिथे मोजणी टिकते. बॅशमध्ये पाइप काढा आणि लूपच्या शेवटी फाईल रीडायरेक्ट करा. कंसात केलेल्या सीडीचंही असंच, कंस संपला की तुम्ही पुन्हा मूळ जागी. ते मात्र मी मुद्दाम वापरतो, परत यायचं लक्षात ठेवावं लागत नाही. तेव्हा ही कमांड कोणत्या प्रोसेसमध्ये चालते आहे, एवढंच विचारा.

बाकी किरकोळ. बिल्ट-इनचा पत्ता व्हिचला विचारू नका, तो बॅशमध्ये फक्त डिस्कवर बघतो. टाईप मायनस ए विचारा, एको दोन्हीकडे सापडेल. मॅन (मॅन्युअलचं) पान नसेल तर हेल्प कमांड. एको मायनस ई वर विसंबू नका: उबुंटूत २००६ पासून एसएच म्हणजे डॅश हा वेगळाच शेल, आणि तो ते मायनस ईसुद्धा छापून देतो. मी प्रिंटएफच वापरतो.

आणि कमांडला लागलेला वेळ मोजणारा टाईम? बॅशमध्ये तो बिल्ट-इनही नाही, कीवर्ड आहे. त्याला मायनस व्ही दिलंत तर 'मायनस व्ही' नावाचीच कमांड शोधत बसतो. जीएनयूचा टाईम मशीनवर टाकलेला असेल तर नावाआधी उलटा स्लॅश लावा, मग तोच चालतो.