घोडदळाच्या दोन तलवारी: १८४० चा जड नमुना आणि १८६० चा हलका नमुना

अमेरिकी यादवी युद्धातील घोडदळाची तलवार म्हणून संग्रहालयांत आणि लिलावांत जी वस्तू दिसते, ती बहुधा दोन वेगळ्या नमुन्यांपैकी एक असते: १८४० चा जड नमुना किंवा १८६० चा हलका नमुना. दोन्हींची परज (मुठीवरच्या हाताचे रक्षण करणारा भाग) पितळेची व तीन फाट्यांची, दोन्हींच्या मुठीवर चामडे आणि त्यावर पिळाची तार, दोन्हींचे पाते एकधारी व बाकदार, आणि म्यानही दोन्हींचे लोखंडी. १८६१ ते १८६५ या काळात दोन्ही एकाच सैन्यात वापरात होत्या, त्यामुळे गफलत होणे साहजिक आहे. ती टाळायची असेल तर पात्यावरचे नाव वाचण्याआधी मूठ पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

१८४० चा नमुना फ्रेंच सैन्याच्या १८२२ च्या तलवारीवरून घेतला गेला. त्याचे पाते सुमारे ९० सेंटिमीटर लांब आणि मुठीजवळ सुमारे ३२ मिलिमीटर रुंद असते. घोड्यावरून ती वारंवार फिरवताना मनगट अक्षरशः भरून येई, म्हणून सैनिकांनी तिला ‘मनगटतोडी’ अशा अर्थाचे नाव दिले होते. १८६० च्या नमुन्यात लांबी किंचितच कमी झाली, रुंदी मात्र सुमारे २५ मिलिमीटरवर आली. याचा अर्थ असा की नुसती लांबी मोजून काहीच ठरत नाही; मुठीजवळची रुंदी मोजावी लागते. पण पाते पुन्हापुन्हा घासले गेले असेल तर रुंदीही थोडी फसवते, आणि तेथे मूठ उपयोगी पडते. तलवार आडवी धरून बाजूने पाहिल्यास १८६० च्या मुठीचा मधला भाग फुगीर दिसतो, तळहाताच्या पोकळीत बसावा असा. १८४० च्या मुठीला असा फुगवटा नसतो. एकदा ही बाह्यरेषा डोळ्यांत बसली की हातभर अंतरावरूनही फरक कळतो.

आता नावांकडे वळू. मॅसॅच्युसेट्समधील चिकोपी येथील एम्स कंपनी ही या तलवारींची सर्वांत मोठी उत्पादक. नेथन एम्स यांचा मूळ धंदा अवजारे आणि सुऱ्याकात्र्या बनवण्याचा होता; सरकारी तलवारींचे काम त्यांना १८३० च्या दशकात मिळाले. एम्सने दोन्ही नमुने बनवले, म्हणून ‘एम्स’ एवढ्या नावावरून नमुना ठरवणे चुकीचे आहे. ‘कॅबटव्हिल’ हे गावाचे नाव कोरलेले असेल तर मात्र ती जुनीच, कारण १८४८ मध्ये ते गाव चिकोपी झाले. याउलट वेस्ट चेम्सफर्डचे रोबी आणि ऱ्होड आयलंडमधील फॉरेस्टडेलचे मॅन्सफील्ड अँड लॅम ही नावे दिसली तर तलवार जवळजवळ निश्चितपणे १८६० च्या नमुन्याची असते. युद्धात मागणी एकाएकी वाढल्यावर यांना कंत्राटे मिळाली आणि प्रत्येकाने ३०,००० हून अधिक घोडदळी तलवारी पुरवल्या.

हे दोन्ही कारखाने शांततेच्या काळात गवत कापण्याचे लांब दांड्याचे विळे बनवत. त्यामुळे त्यांच्या तलवारींना ‘शेती-अवजारवाल्यांचा माल’ म्हणून कमी लेखण्याची पद्धत आहे, आणि ती मला सर्वस्वी अन्यायाची वाटते. असा विळा म्हणजे लांब, पातळ, बाकदार पोलादी पाते. ते यांत्रिक घणाखाली ताणून काढायचे, वाक न बिघडता त्याला पाणी द्यायचे (तापवून एकदम थंड करून कडक करायचे), मग बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा आणि मोठ्या फिरत्या दगडावर घासायचे, हेच तलवारीचेही काम आहे. घण, भट्ट्या, दगड आणि मुख्य म्हणजे सरावलेले हात तेथे आधीपासूनच होते. शिवाय सरकारी निरीक्षक पाते वाकवून आणि आपटून पाहत. त्यात ते मोडले किंवा वाकलेलेच राहिले तर नाकारले जाई.

पसंत पडलेल्या पात्याच्या मुळाशी निरीक्षकाच्या आद्याक्षरांचा, ‘यूएस’ अक्षरांचा आणि वर्षाचा ठसा मारला जाई. दुसऱ्या बाजूस कारखान्याचे व गावाचे नाव असे. या ठशातील वर्ष उत्पादनाचे असते, नमुन्याचे नव्हे. ‘१८६२’ कोरलेली तलवार म्हणूनच १८४० च्या नमुन्याचीही असू शकते, विशेषतः जर्मनीतील सोलिंगनहून मागवलेल्या तलवारींच्या काळात, कारण तो आयात माल पुष्कळसा जुन्याच धर्तीचा होता. हे ठसे फार खोल नसतात. गंज काढण्याच्या भरात कोणी पात्याच्या मुळावर सँडपेपर फिरवला की कारखाना, वर्ष आणि निरीक्षक हे तिन्ही कायमचे पुसले जातात, म्हणून त्या दोन बोटांच्या जागेवर हलक्या तेलाच्या फडक्यापलीकडे काहीही वापरू नये.