पार्श्वभूमी : व्हिएतनाममधली फौजी बिअर

व्हिएतनाममधल्या सायगाव शहरात बिअर काही अमेरिकनांनी नेली नाही. फ्रेंच अमलात तिथे एकच कंपनी बिअरही गाळायची आणि बर्फही पाडायची. ‘33’ आणि वाघाच्या चित्राची ‘लारू’ ही तिची नावाजलेली लेबलं. 1954 नंतर फ्रेंच फौज गेली, कारखाना चालूच राहिला.

1965 पासून व्हिएतनाम युद्धासाठी अमेरिकी पलटणी उतरू लागल्या आणि त्यांच्यामागून श्लिट्झ, बडवायझर, पॅब्स्टचे खोके जहाजांनी आले. पत्र्याचे डबे बंदरावर ऊन-पाऊस खात पडून राहायचे, कडांना गंज चढायचा. छावणीत पोचलेली बिअर बहुधा कोमटच. कुणी आग विझवायच्या नळकांड्यातला गॅस सोडून ती गार करी. बाजारचा बर्फ मिळायचा, पण पोटाची खात्री नसे. ‘33’मध्ये फॉर्मलिन (मृतदेह टिकवायचं रसायन) घालतात ही वदंता तर घरोघरी, म्हणजे तंबूतंबूत. तरी सुट्टीत सायगावला गेलेला शिपाई तीच मागवी.

खरा वाद होता तो कोणाला द्यायची याचा. मायदेशी बहुतेक राज्यांत 21 वर्षांखालच्याला दारू मिळत नसे. इथे 18-19 वर्षांच्या पोराला फौजी दुकानातून बिनकराची, किरकोळ भावात. काही तुकड्यांत दिवसाला दोन डबे मोजून मिळत, काही ठिकाणी मोजायला कुणी नसे. पुढे गांजा आणि हेरॉइनचा बोभाटा झाला, तेव्हा ‘त्यापेक्षा बिअर परवडली’ असं वरिष्ठच म्हणू लागले. ही सोयीची पश्चातबुद्धी वाटते. पाणी मुरत होतं ते दुसरीकडे. 1969 मध्ये सिनेटच्या चौकशीत फौजी क्लबांच्या गल्ल्यावर डल्ला मारणारे सार्जंट उघडे पडले आणि संशयाचं बोट सैन्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सार्जंटपर्यंत गेलं.

लढायला चालतो, मग प्यायला का नाही, हा सवाल घरी पोचला. 1971 मध्ये मतदानाचं वय 18 झालं, पाठोपाठ तीसेक राज्यांनी पिण्याचं वयही उतरवलं. तरुणांचे रस्ते-अपघात वाढल्याची ओरड झाली. 1984 च्या कायद्याने महामार्गांचा निधी कापायची धमकी देऊन राज्यांना पुन्हा 21 वर आणलं.

‘33’चं मात्र वय नाही, आकडा वाढला. 1975 नंतर कारखाना सरकारजमा झाला, बिअर ‘333’ झाली. 2017 मध्ये त्या सरकारी कंपनीतला निम्म्याहून अधिक हिस्सा थाई मद्यसम्राटाच्या उद्योगाने सुमारे 480 कोटी डॉलरना उचलला.