कंटॅमिनेशन मॉनिटर: रोजची तपासणी, कॅलिब्रेशन आणि कागदपत्रं

पुण्यात न्यूक्लिअर मेडिसिन विभाग चालवणाऱ्या रुग्णालयांना आणि रेडिओआयसोटोप (किरणोत्सर्गी पदार्थ) वापरणाऱ्या प्रयोगशाळांना एक प्रश्न हमखास पडतो: कंटॅमिनेशन मॉनिटर, म्हणजे हाताला, कपड्यांना किंवा टेबलाला किरणोत्सर्गी पदार्थ लागलाय का ते दाखवणारं उपकरण, नीट चालतोय की नाही, हे कितीदा बघायचं? ज्या दिवशी वापरणार त्या दिवशी, पहिल्या वापराआधी. मॉनिटर हातातून पडला, सेल बदलले किंवा दुरुस्त होऊन आला, तर पुन्हा एकदा. ‘अहो, कॅलिब्रेशन (प्रयोगशाळेत प्रमाणित सोर्सशी ताडून पाहणं) झालंय की!’ हे उत्तर चालत नाही. काल संध्याकाळी कोणी केबल ओढली, ते कॅलिब्रेशनच्या सर्टिफिकेटला काय ठाऊक?

तपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत. आधी सेल, केबल आणि प्रोब (केबलने मीटरला जोडलेला, रेडिएशन टिपणारा भाग) नजरेखालून घाला. पॅनकेक (चपट्या, गोल) प्रोबची अभ्रकाची खिडकी इतकी पातळ असते की पेनाचं टोक लागलं तरी फुटते, आणि मग आतली ट्यूब गेलीच म्हणून समजा. नंतर किरणोत्सर्गी सोर्सपासून दूर, रोजच्या त्याच टेबलावर बॅकग्राउंड (जवळ सोर्स नसतानाचं रीडिंग) घ्या. शेवटी चेक सोर्स (तपासणीपुरता छोटा किरणोत्सर्गी सोर्स), बहुधा सिझियम-137 चा. तो रोज त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर, तीच बाजू वर करून ठेवायचा. कॅलिब्रेशन होऊन आल्याबरोबर घेतलेलं रीडिंग हा संदर्भ. त्यात साधारण 20 टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर मॉनिटरवर ‘वापरू नये’ची चिठ्ठी लावून बाजूला ठेवा. सिझियमचं अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा काळ) सुमारे 30 वर्षं, म्हणजे रीडिंग वर्षाला दोन-सव्वादोन टक्क्यांनी उतरणारच. पाच वर्षांपूर्वीचा आकडा भिंतीवर तसाच चिकटवून ठेवू नका.

एका विभागाचं रजिस्टर मी पाहिलं होतं. बॅकग्राउंडच्या रकान्यात सलग दोन आठवडे सुवाच्य अक्षरात शून्य, खाली सही. खोली स्वच्छ म्हणून सगळे खूश! बॅकग्राउंड कधी शून्य नसतं. जमिनीतून आणि आकाशातून थोडं रेडिएशन येतच असतं. केबल कनेक्टरपाशी तुटली होती, एवढंच. प्रोबमधल्या जीएम (गायगर-म्युलर) ट्यूबची आणखी एक खोड: फार तीव्र रेडिएशनमध्ये काही मीटर गुदमरतात आणि काटा खाली येतो. म्हणून गप्प मीटरवर आधी संशय घ्यावा.

हे काम कोणी करायचं? प्रशिक्षित रेडिएशन वर्करने, आरएसओच्या (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरच्या) देखरेखीखाली. चालू स्थितीतलं उपकरण पुरवणं ही मात्र संस्थेची जबाबदारी. अणुऊर्जा नियामक मंडळाचे अर्ज ‘ईलोरा’ या ऑनलाइन प्रणालीतून होतात, त्यासाठी मुंबईची फेरी नको. आधी संस्थेची नोंदणी, मग कर्मचारी, आरएसओ आणि उपकरणं. मॉनिटरचा मेक, मॉडेल, सिरियल नंबर आणि कॅलिब्रेशनची तारीख भरताना सर्टिफिकेट समोर ठेवा. सिरियल नंबर प्रोबचा वेगळा आणि मीटरचा वेगळा असतो, घोळ इथेच होतो.

फाइलमध्ये मुदतीतलं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, आरएसओच्या मान्यतेचं पत्र, रोजच्या तपासणीचं रजिस्टर, कंटॅमिनेशन सर्व्हेच्या नोंदी आणि दुरुस्तीची बिलं हवीत. रजिस्टरमध्ये ‘ओके’ लिहू नका, आकडा लिहा.

कॅलिब्रेशन हे अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतूनच करून घ्यायचं. मुदत संपायच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा दीड-दोन महिने आधी विचारणा करा, आणि मॉनिटर बाहेर असेल तेवढे दिवस दुसरा हाताशी ठेवा. घाट उतरून-चढून पार्सल परत आलं की पॅकिंग काढल्या काढल्या चेक सोर्सवर बघा. तेच रीडिंग पुढचा संदर्भ. पावसाळ्यात कनेक्टरला ओल धरते, तेव्हा कपाटात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

तुमच्याकडे ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) असेल तर हा सगळा खटाटोप त्याच्यापुरता कामाचा नाही. त्याचे बीटा कण इतके दुबळे असतात की प्रोबच्या खिडकीतून आत शिरतच नाहीत. तिथे स्वाइप घेऊन (पृष्ठभाग कागदाने पुसून) तो लिक्विड सिंटिलेशन काउंटरवरच, म्हणजे द्रवात उमटणारे प्रकाशाचे ठिपके मोजणाऱ्या यंत्रावर, मोजावा लागतो.