कुत्र्याला शब्द कळतात की नुसता सूर?

‘कुत्र्याला शब्द कळत नाहीत, त्याला फक्त आवाजातला सूर कळतो’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. तसं वाटणं स्वाभाविक आहे. लाडात ‘गाढवा’ म्हटलं तरी तो शेपूट हलवतोच!

पण ही अर्धीच गोष्ट. जर्मनीतल्या रिको नावाच्या, बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याला दोनशेच्या वर वस्तूंची नावं येत होती. त्यावरचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेतली चेसर नावाची कुत्री १,०२२ खेळणी नावानं ओळखायला शिकली. मात्र असे कुत्रे दुर्मिळ. बहुतेकांना ‘बस’, ‘चल’, स्वतःचं नाव असे मोजकेच शब्द पक्के येतात, आणि शब्दापेक्षा आपला हात आणि नजर ते आधी वाचतात.

म्हणूनच घरी तपासताना गफलत होते. ‘बॉल आण’ म्हणताना आपण नकळत बॉलकडेच बघतो. त्यापेक्षा दोघांनी मिळून करा. एकानं शेजारच्या खोलीत चार ओळखीची खेळणी मांडायची. दुसऱ्याला मांडणी माहीत नको. त्यानं बाहेरूनच, सपाट आवाजात एकेक नाव घ्यायचं. एकदा बरोबर आणलं तर तो योगायोगही असेल, तेव्हा जागा बदलून वीसेक वेळा करा. नुसत्या नशिबावर त्यातली पाचेक बरोबर येतील. पंधरा आली, तर शब्द कळतोय.

मग उलटं करून बघा: त्याच लाडाच्या सुरात ‘फिरायला’ऐवजी ‘चिरायला’ म्हणा. काही कुत्रे तरीही दाराकडे पळतील. मिळतेजुळते आवाज वेगळे ओळखणं त्यांना जड जातं.