माती-संमिश्रे (कोल्हापूर परिसर)

चिकणमातीत तंतू, वाळू, राख किंवा चुना मिसळून घडवलेला पदार्थ म्हणजे माती-संमिश्र. त्यापासून विटा, गिलावा, पॅनेल आणि घरसजावटीच्या वस्तू करून पाहिल्या जातात. सह्याद्रीच्या कुशीतल्या गगनबावडा, राधानगरीकडची कुडाची भिंत, म्हणजे कारवीवर शेणमातीचे लिंपण, हेही संमिश्रच. प्रायोगिक कामात फरक पडतो तो मोजमापाचा: मिश्रणाचे प्रमाण लिहून ठेवायचे, नमुना वाळताना किती आकसला ते पाहायचे, दाबाखाली आणि पाण्यात तो किती टिकतो ते तपासायचे.

काळी माती इथे सगळ्यात हट्टी. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज ओलाव्याने फुगते आणि वाळताना भेगा पाडते. चुना घातला की तिचा हा स्वभाव बराच निवळतो. घाटाकडची जांभ्याची तांबडी माती मुळातच कमी आकसते.

भेगा धरून ठेवायला तंतू लागतात आणि उसाच्या या मुलखात चिपाड मुबलक आहे. मात्र चिपाडात उरलेल्या साखरेमुळे बुरशी आणि मुंग्या येतात. मिश्रणात सिमेंट असेल तर साखर ते नीट घट्ट होऊ देत नाही. त्यामुळे चिपाड आधी धुऊन, चुन्याच्या निवळीत भिजवून वाळवणे गरजेचे असते. या कामात घाई केली की पुढचे सगळे फुकट जाते.

कोल्हापूरचे खरे वैशिष्ट्य फाउंड्रीत आहे. शिरोली, उद्यमनगर भागातल्या ओतकामाचा वाळूचा साचा हे स्वतःच माती-संमिश्र आहे: सिलिका वाळू, बेंटोनाइट (चिकट धरून ठेवणारी माती), कोळशाची पूड आणि थोडे पाणी. वितळलेल्या लोखंडालगतचे बेंटोनाइट तापून चिकटपणा गमावते आणि अशी वाळू हळूहळू टाकाऊ ठरते. मातीत मिसळल्यास ती आकसणे कमी करते. पण तिच्यात जड धातू किंवा कोअरमधल्या (ओतीव वस्तूत पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) रेझिनचे, म्हणजे रासायनिक चिकटद्रव्याचे, अवशेष असू शकतात. घरात वापरण्याआधी प्रयोगशाळेत तपासणी हवीच.

मिश्रण भाजले तर चिपाड जळून छिद्रे उरतात. वस्तू हलकी आणि उष्णतारोधक होते, पण ताकद घटते. न भाजलेले, सिमेंट किंवा चुना नसलेले मिश्रण भिजवून पुन्हा वापरता येते. सिमेंट घातले की हा सर्वांत मोलाचा गुण जातो, म्हणून ते शक्य तितके टाळावे. सिमेंट किंवा चुना घातलेल्या दाबविटांसाठी भारतीय मानक आयएस १७२५ आहे.

पाणी ही कच्च्या मातीची मुख्य मर्यादा. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागात शिरले होते. अशा ठिकाणी जोते दगडाचे बांधून कच्चे संमिश्र पूररेषेच्या वर, आतल्या आडभिंती आणि छतापुरते वापरणे योग्य.