सुविधा व्यवस्थापन

संस्थेची इमारत, तिच्यातील यंत्रणा आणि तिथल्या रोजच्या सेवा चालत्या ठेवण्याचे काम. बोलताना याला नुसते ‘फॅसिलिटी’ म्हणतात. वीज, वातानुकूलन, लिफ्ट, अग्निशमन यांची देखभाल म्हणजे ‘हार्ड’ सेवा. हाउसकीपिंग, सुरक्षा, कीडनियंत्रण या ‘सॉफ्ट’. या कामाचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ४१००१, २०१८ मध्ये आले. भारतात हे काम बहुधा कंत्राटावर दिले जाते. पुण्याची बीव्हीजी इंडिया ही या धंद्यातली एक मोठी कंपनी.

या विभागाचा खर्च त्याच्याच नावावर पडतो, फायदा मात्र दुसऱ्यांच्या खात्यात जमा होतो. एएचयूचे, म्हणजे हवा खेळवणाऱ्या यंत्राचे, फिल्टर धुळीने तुंबले की झोत मंदावतो. ‘गरम होतंय’ म्हणून फोन येतो, कुणीतरी थर्मोस्टॅट २४ वरून २० वर आणतो आणि चिलर, म्हणजे गारवा पुरवणारे मुख्य यंत्र, दमेपर्यंत चालतो. खिडकीशी बसलेले तरीही घामाघूम, गार हवेच्या झडपेखालचे शाल पांघरून. इलाज एवढाच की फिल्टर काढून धुवायचा. ठरल्या दिवशी धुतला तर कुणाला पत्ताही लागत नाही, आणि वाचलेले तास त्या मजल्यावरच्या विभागाच्या कामात मोजले जातात.

वीजबिलात हा फायदा त्यातल्या त्यात उघड दिसतो. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेवर नव्हे तर यंत्रांनी ओढलेल्या एकूण विजेवर, आकारणी होते. ही जादा ओढ कमी ठेवणारे कपॅसिटर पॅनेल नादुरुस्त राहिले, तर यंत्रे तेवढीच चालूनही बिल फुगते.

कायद्याची बाजू वेगळी. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र घ्यावे लागते. कागद फाइलला लागला म्हणजे हायड्रंटला, म्हणजे आग विझवण्याच्या पाण्याच्या नळाला, दाब आहेच असे नाही; पंप चालवून बघणारा माणूस लागतो.

निविदा मात्र बहुतेकदा माणसे मोजते: इतके सफाई कामगार, इतके इलेक्ट्रिशियन, सर्वांत कमी दर. लिफ्ट किती तास बंद राहिली, याला पैसे जोडणारी कंत्राटे त्या मानाने कमी. कंत्राटदार बदलला की पुष्कळदा गणवेश बदलतो आणि माणसे तीच राहतात, हे संस्थेचे नशीबच म्हणायचे. कारण कुठला व्हॉल्व्ह बंद केला की कुठल्या मजल्याचे पाणी जाते, हे जुन्या इमारतींत नकाशात सापडत नाही. ते प्लंबरला ठाऊक असते.